"जपान सेफ आहे" एवढंच सांगून पोरांना काबुकिचोत सोडू नका

हिंजवडी_ते_शिंजुकू

पुण्याहून ऑनसाइटवर नवी मंडळी आली की पहिल्याच आठवड्यात दहा जण त्यांना एकच गोष्ट ऐकवतात. इथे कॅफेत टेबलावर लॅपटॉप ठेवून बाथरूमला गेलात तरी कोणी हात लावत नाही, हरवलेलं पाकीट पैशांसकट परत मिळतं, वगैरे. खरंच आहे ते, मीही सांगतो. पण तेच डोक्यात घेऊन पोरं शुक्रवारी रात्री टोक्योच्या शिंजुकू स्टेशनातून पूर्वेकडे बाहेर पडतात, काबुकिचो या बार-क्लबांच्या वस्तीची लाल कमान ओलांडतात आणि चांगलं इंग्रजी बोलणारा कोणीतरी हसत हसत शेजारून चालू लागतो. "इंडिया? वा! एक तास, हवं तेवढं प्या, फक्त ३,००० येन."

पुढचं सगळं ठरलेलं. अरुंद बिल्डिंग, एवढीशी लिफ्ट, पाचव्या मजल्यावर बिनखिडकीची खोली. मुलगी शेजारी येऊन बसते, "मीपण एक घेऊ?" विचारते. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तासाभराने बिल येतं. त्यात ते ३,००० असतातच, वर टेबलाचे, सर्व्हिसचे, वीकेंडचे, मुलीच्या प्रत्येक ग्लासाचे वेगळे, शिवाय टॅक्स. आकडा लाख येनांच्या पुढे गेला तरी नवल नाही. रोख नाही म्हणालात तर एक जण कोपऱ्यावरच्या कोनबिनीतल्या (चोवीस तास उघड्या दुकानातल्या) एटीएमपर्यंत सोबत येतो, तोही अगदी अदबीने. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. त्यामुळे आपण लुटले गेलो हे पोरांना दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर समजतं.

आणि हे चालू असताना त्याच गल्लीत भोंग्यावरून सूचना सुरू असतात की रस्त्यावर बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. जपानी न येणाऱ्याच्या कानावरून त्या गणपतीच्या मांडवातल्या "हरवलेल्या मुलाच्या पालकांनी संपर्क साधावा"सारख्या निघून जातात.

माझं मत: सीनियर लोकांनी नव्यांना स्पष्ट बजावावं, पहिले सहा महिने काबुकिचो आणि तसाच दुसरा भाग रोप्पोंगी रात्री बंद. ज्यांना पटत नाही त्यांनी का पटत नाही ते लिहा.

मध्यरात्रीचा_मुसाफिर

नाही पटत. सहा महिने म्हणजे हॉस्टेलच्या रेक्टरचा कारभार झाला. लग्न झालेले, तिशी ओलांडलेले लोक येतात हो इथे.

गोल्डन गाई कुठे आहे? काबुकिचोतच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या, दोनशेच्या वर बार, आणि बहुतेक ठिकाणी सहा-आठ गिऱ्हाइकं आली की बार फुल्ल. बऱ्याच दारांवर बसण्याचे किती येन ते लिहिलेलं असतं. नसेल तर दार किलकिलं करून विचारायचं, "चार्ज इकुरा देसु का?" (बसण्याचे किती?) पटलं तर आत, नाही तर पुढचं दार. काउंटरच्या पलीकडे मास्टर, अलीकडे सत्तरीचे एक आजोबा आणि तुम्ही. जपानी माणूस ऑफिसात जे वर्षभरात बोलणार नाही ते तिथे तासाभरात बोलतो. हे सहा महिने "बंद"?

आणि एक कटू सत्य. पाचव्या मजल्यावर गेलेला माणूस आजोबांशी गप्पा मारायला गेला नव्हता. "मुलगी शेजारी बसेल" ऐकून लिफ्टमध्ये चढलेल्याला भोळा म्हणायची माझी तयारी नाही.

निशिकासाईची_आत्या

मुसाफिर, ही शेवटची ओळ लिहिताना जरा थांबायला हवं होतं. याच ओळीमुळे फसलेली पोरं तोंड उघडत नाहीत. घरी सांगायची सोय नाही, ऑफिसात तर नाहीच. मग पुढची बॅच त्याच लिफ्टमध्ये.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाने मला ती बिलाची चिठ्ठी दाखवली होती. हाताने लिहिलेली, सगळी जपानीत, ओळीओळीला आकडे आणि खाली बेरजेभोवती लाल पेनाने गोल. दुकानाचं नाव कुठेच नाही. त्याचं म्हणणं, दुसऱ्या ग्लासानंतरचं नीट आठवतच नाही. एरवी चार पेग पचवणारा मुलगा आहे तो. अमेरिकेचा दूतावास आपल्या नागरिकांना कित्येक वर्षं लेखी बजावतोय की रोप्पोंगी, काबुकिचो, शिबुया, इकेबुकुरो या भागांत ग्लासात गुंगीचं औषध घालून लुटल्याच्या तक्रारी येतात. त्यात "तो तिथे गेलाच कशाला" हा प्रश्न कुठे बसतो?

आणि हे फक्त पुरुषांपुरतं नाही. ग्लास टेबलावर सोडून बाथरूमला गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, नवा मागवा. लॅपटॉपचा नियम ग्लासाला लावू नका.

फक्त_भाजीपाला

लुटायला काबुकिचो कशाला लागतंय? मला साध्या इझाकायात (दारूसोबत खाणं मिळतं त्या हॉटेलात) बसल्या बसल्या वाटीभर काहीतरी आणून दिलं, मागवलं नव्हतं. बघतो तर ऑक्टोपस. हातही लावला नाही. बिलात ४०० येन. माझ्या हिशेबी हीपण लूटच.

मध्यरात्रीचा_मुसाफिर

भाजीपालाशेठ, ती ओतोशी. बसल्याचे पैसे म्हणा हवं तर, ते घेतात आणि बदल्यात काहीतरी चिमूटभर समोर ठेवतात. शेजारच्या टेबलावरच्या जपानी साहेबांच्या बिलातही तेच ४०० लागले असणार. इथे टिप द्यायची पद्धत नाही हेही लक्षात घ्या, म्हणजे हिशेब फिटला. काही ठिकाणी आधी सांगितलं तर ओतोशी आणत नाहीत, पण वाटी समोर आल्यावर भांडू नका.

या धाग्याची अडचणच ही आहे. ४०० येनांची रीत आणि लाखाची लूट एकाच टोपलीत टाकली की नवा माणूस एक तर सगळ्याला घाबरतो, नाही तर कशालाच घाबरत नाही.

हिंजवडी_ते_शिंजुकू

नेमकं तेच. हा फरक कळायला वेळ लागतो, म्हणूनच सहा महिने म्हणतोय.

डोंबिवली_फास्ट_लास्ट

एवढं काय घाबरायचं? लिफ्ट सोडा, जिन्याने धूम ठोका. पैसे बुडाले त्यांचे. किंवा टेबल उलटं करा, पोलीस आले की आपोआप सुटका.

एचआरवाली_मनी

कृपा करून असलं काही करू नका. मी इथल्या एका कंपनीत एचआरला आहे आणि असले फोन मलाच येतात.

इथे पोलिसांनी ताब्यात घेतलं तर ४८ तास त्यांच्याकडे, मग सरकारी वकिलाकडे २४ तास, मग कोर्टाने परवानगी दिली तर १० दिवस आणि वर आणखी १० दिवस. आरोप ठेवायच्या आधीच २३ दिवस आत जाऊ शकतात. टेबल उलटं करताना कोणाला साधं खरचटलं तरी तक्रारदार ते आणि आरोपी तुम्ही. २३ दिवस ऑफिसला गैरहजर म्हणजे मागे काय उरतं ते तुम्हीच ठरवा. असा प्रसंग आलाच तर वकिलांच्या संघटनेकडून (बार असोसिएशन) ड्यूटीवरचा वकील मागा, पहिली भेट फुकट असते. भारतीय दूतावासाला कळवा असंही सांगता येतं. गप्प राहायचा हक्क आहे, आणि न समजणाऱ्या जपानी कागदावर सही करायची नाही.

आता बिलाचं. दमदाटी करून वसुली, चुकीचे भाव सांगणं, याविरुद्ध टोक्योचा खास नियम २०००पासून आहे. रस्त्यावर गिऱ्हाईक ओढणंही बेकायदा. तरीही कोबानमध्ये (पोलीस चौकीत) गेलात तर पुष्कळदा उत्तर मिळतं की हा तुम्हा दोघांतला पैशांचा वाद आहे. म्हणजे पोलीस बिल कमी करून देतील ही आशा नको. पण कोबानमध्ये उभं राहून बोलणं वेगळं आणि पाचव्या मजल्यावर बोलणं वेगळं. आवाज न चढवता म्हणायचं, "सांगितलेले ३,००० देतो, बाकीचं कोबानमध्ये बोलू." अडवलं तर तिथूनच पोलिसांना ११०वर फोन. कार्ड त्यांच्या हातात देऊ नका आणि एटीएमकडे एकटे जाऊ नका.

झाइर्यू कार्ड (इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड) खिशात हवंच, नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. टुरिस्ट असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. "हॉटेलच्या तिजोरीत सुरक्षित आहे" हे कारण चालत नाही.

निशिकासाईची_आत्या

मनी, हे वेगळा धागा काढून वर पिन करून ठेव गं.

जुना_जाणता

बिल, पोलीस सगळं ठीक. पण बिल्डिंगबद्दल कोणी बोललं नाही. १ सप्टेंबर २००१ला मध्यरात्रीनंतर काबुकिचोत अशाच एका अरुंद इमारतीला आग लागली. ४४ माणसं गेली. जिना एकच, आणि त्यावर सामान रचलेलं. त्यानंतर अग्निशमनाचे कायदे कडक झाले, तपासण्या वाढल्या. तरी मी कुठेही वर गेलो की बसायच्या आधी जिना शोधतो. दारामागे बिअरचे क्रेट दिसले की परत खाली. मित्र हसतात, हसू देत.

मध्यरात्रीचा_मुसाफिर

जाणतेकाका, हे पटलं. आणि बघा, हा सल्ला पहिल्या दिवशी जेवढा लागू तेवढाच सहा वर्षांनी. "बंद" म्हणण्यापेक्षा असं काहीतरी हातात द्या ना.

मला विचाराल तर धोका जागेत कमी, वेळेत जास्त. शेवटची गाडी साधारण बारा-साडेबाराला सुटते, पहिली पहाटे पाचच्या सुमारास. मधल्या साडेचार तासांत माणूस थंडीत, अर्धवट झोपेत, घर लांब, आणि टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जादा. अशा वेळी "आत या, गरम आहे, स्वस्त आहे" म्हणणारा देवदूत वाटतो. त्याला बरोबर माहीत असतं कोण स्टेशनच्या बंद शटरसमोरून परत आलाय. म्हणून मी सांगतो, गाडी चुकणार असेल तर ती चुकायच्या आधी ठरवा की पाचपर्यंत कुठे बसणार. चेनवालं कराओके किंवा मांगा कॅफे (कॉमिक्स वाचत रात्र काढायची जागा) बघा, भाव बाहेर लावलेले असतात.

बाकी सरकारचं काय सांगावं. २०१६पर्यंत मध्यरात्रीनंतर क्लबात लोकांना नाचू देणं कायद्यात बसत नव्हतं, मूळ कायदा १९४८चा. नाचणाऱ्यांवर नजर, आणि ओढून नेणारे मात्र गल्लीत मोकळे.

कोरेगावची_केतकी

सगळे आपापल्या खिशाबद्दल बोलताय. काबुकिचोतल्या होस्ट क्लबमध्ये, जिथे पुरुष होस्ट बायकांसोबत बसून त्यांना पाजतात, सर्वांत जास्त कोण पिळलं जातं? जपानी मुली. उधारीवर शॅम्पेन पाजायची, प्रेमाचं नाटक करायचं, आणि कर्ज फेडायला त्यांनाच देहविक्रीकडे ढकलायचं. जून २०२५मध्ये कायदा बदलला. गिऱ्हाइकाच्या प्रेमभावनेचा फायदा उठवून ऑर्डर करायला लावणं आता मना आहे. "मीपण एक घेऊ?" विचारणारी मुलगीही तिथे मजेत बसलेली असेलच असं नाही. "फसू नका"च्या सोबत "या धंद्याला पैसे पुरवू नका" हेही पोरांना सांगा की.

डोंबिवली_फास्ट_लास्ट

धागा भरकटतोय. सुरक्षेवर बोला.

कोरेगावची_केतकी

सुरक्षेवरच बोलतेय. कोणाच्या, एवढाच प्रश्न आहे. टेबल उलटं करताना पलीकडे तीच बसलेली असते.

मुंबई_ग्रेड_एन४

मी नवीनच आलोय. बारची भानगडच नको म्हणून कोनबिनीतून कॅन घेऊन शिबुयाच्या चौकात उभं राहून प्यायलो तर?

एचआरवाली_मनी

शिबुया स्टेशनच्या आसपास १ ऑक्टोबर २०२४पासून संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिणं मना आहे, हॅलोविन असो नसो. दंड नाही, पण गस्तवाले येऊन कॅन ओतायला लावतील. वय २० पूर्ण आहे ना? सज्ञान १८ला झालात तरी दारूचं वय इथे २०च आहे.

आणि निशिकासाईत राहणाऱ्यांनो, स्टेशनवर लावलेली सायकल! दोन बिअर पिऊन सायकलवरून घरी जाणारे आपल्यात खूप आहेत. नोव्हेंबर २०२४पासून सायकलवरही श्वासात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. प्यायलेल्याला सायकल देणाराही अडकतो. काबुकिचोत कधीच न जाणारा माणूस यात सापडू शकतो.

हिंजवडी_ते_शिंजुकू

बरं. सहा महिन्यांवर माझा हट्ट नाही, पण एका गोष्टीवर आहे. रस्त्यावर कोणी बोलावलं की नाही, संपलं. कितीही गोड बोलू दे, मराठीत बोलला तरी नाही. मुसाफिर म्हणतो तसं दार आपण उघडायचं. आणि भारतातून आणलेल्या कार्डाचा परदेशातल्या व्यवहारांचा लिमिट बँकेच्या ॲपमधून निघायच्या आधीच खाली आणून ठेवा, २०२०पासून ही सोय बँकांना द्यावीच लागते. परदेशातल्या मशीनवर बहुतेकदा ओटीपी येत नाही, त्यामुळे "ओटीपीशिवाय कसे कापतील" या भ्रमात राहू नका.

मध्यरात्रीचा_मुसाफिर

ॲपचं मान्य. "मराठीत बोलला तरी नाही" हे जरा जास्त झालं, पण चालवून घेतो. सहा महिने मात्र अजूनही अमान्य.

मुंबई ग्रेड एन४, शिबुयाच्या चौकात एकटा उभा राहू नकोस. शुक्रवारी ७ वाजता शिंबाशी स्टेशनबाहेर जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय तिथे ये, जवळच रुळाखाली उभ्याने खायची-प्यायची दुकानं आहेत, भाव भिंतीवर लावलेले. भाजीपालाशेठ, एदामामे आणि गार तोफू मिळतं, तुम्हीही या. आत्यांनाही आमंत्रण. सगळे साडेअकराच्या गाडीने परत. सायकल स्टेशनवर ठेवून येऊ नका.