मदत हवी आहे: एवढं पाणी पिऊनही बाबांच्या पायात गोळे

कास्तकारपोट्टा: रात्री बाबांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कळवळून उठतात. वावरात कॅन घेऊन जातात, पाणी ढसाढसा पितात. तरी लघवी जराशी, पिवळीजर्द. किडनी गेली का? लवकर सांगा.

पांढरंसोनं: वय? शुगर, बीपी? काम काय? काहीच लिहिलं नाही न भाऊ.

कास्तकारपोट्टा: साठीचे आहेत. धसकटं वेचणं चालू आहे. मे महिन्यात यवतमाळकडं दुसरं काय असते?

वऱ्हाडी ठेचा: दुपट्ट्यात कांदा बांधून द्या. आमच्या आज्याले जलमभर ऊन लागलं नाही.

अंबाडी: कांदा भाकरीसोबत खा, ठेचेभाऊ. हवा 45 अंश आणि कातडी 35च्या आसपास, म्हणजे हवा अंग थंड करत नाही, उलट तापवते. उरतो फक्त घाम, तोही वाळला तरच. लिटरभर घाम वाळताना 580 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता नेतो, आणि अंगमेहनतीत तेवढा घाम तासाभरात जाऊ शकतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो दिसतही नाही. बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे पडतात का? पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच नावाचं हार्मोन सुटतं, किडनी पाणी धरून ठेवते. म्हणून लघवी कमी. तेवढ्यावरून किडनी गेली म्हणता येत नाही.

कास्तकारपोट्टा: पट्टे तर पडतात, काखेपासून कमरेपर्यंत. पण जेवणात मीठ कमीच देतो, बीपीची गोळी चालू आहे.

पांढरंसोनं: हे आंधी सांगाचं न बाप्पा!

कास्तकारपोट्टा: बीपीचा पोटरीशी काय संबंध?

अंबाडी: काही गोळ्या लघवीवाटे मीठ-पाणी काढूनच बीपी उतरवतात. त्यात घामानं मीठ गेलं, भरपाई नुसत्या पाण्यानं. अंगात मीठ कमी पडून गोळे येत असू शकतात. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम अन् किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. गोळी मनानं बंद करू नका.

रसवंती: ओआरएस द्या अन् मोकळे व्हा. मी रोज पितो.

वऱ्हाडी ठेचा: त्यात साखर असते. कैरीचं पन्हं द्या.

रसवंती: मंग पन्ह्यात काय माती टाकता?

अंबाडी: साखर मुद्दामच असते. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जातं, मागून पाणी. लिटरभर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण तुमच्या बाबांना डॉक्टरला विचारूनच.

गारवा: कूलर पावसाळ्यात थंड करत नाही. पंप बदलू का?

पांढरंसोनं: धागा कोणता, तुमचं काय! दमट हवेत पाणी वाळतच नाही, पंप काय करंल? खिडकी उघडा.

कास्तकारपोट्टा: उद्या पीएचसीत नेतो. धसकटं कोण वेचंल मंग?

पांढरंसोनं: पायटे जा, उन्हाच्या आत घरी या. अंग भट्टीसारखं तापलं, बरळायला लागले, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला अन् 108ला फोन लावा.

वऱ्हाडी ठेचा: कांदा तरी राहू द्या खिशात.