मदत हवी आहे: एपिडेमिओलॉजीत (आजार कुणाला नि का होतात याच्या अभ्यासात) करिअर, एमडी पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) की एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ)?

नमस्कार मंडळी, माझ्या पुतणीची एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप चालूए सोलापुरातच, आणि घरचे सगळे मेडिसिन नाहीतर स्किन घे म्हणून मागं लागलेत पण हिचं एकच, मला संधिवात आणि आतड्याची जुनाट सूज असले आजार कुणाला नि का होतात त्यावर रिसर्च करायचाय. कारणही तसंय, आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आहेत, मांडीवर सूप, दिवसभर तंबाखूची धूळ नाकात. सिगरेटनं आमवाताचा (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) धोका वाढतो हे पक्कं आहे, आतड्याच्या जुनाट सुजेतल्या क्रोन्स आजाराचाही वाढतो, पण त्याच सुजेचा दुसरा प्रकार अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र ओढणाऱ्यांत कमी दिसतो (गंमतच आहे की नाही), मग नुसती धूळ खाणाऱ्यांचं काय, हा तिचा प्रश्न. आपल्याच पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणला १९९६ला सांधेदुखीचा घरोघरी सर्व्हे झालेला, तसं काहीतरी तिच्या डोक्यात आहे.

तर एमडी पीएसएम करावं का सरळ एमपीएच, चेन्नईची एनआयई (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिओलॉजी) किंवा त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर? स्टॅटिस्टिक्स, त्याचं ‘आर’ सॉफ्टवेअर वगैरे आत्ताच शिकावं का? आणि पगाराचं खरंखरं सांगा, भावाला तेच पटवायचंय. या लाइनमधलं कुणी असेल तर प्लीज बोला तिच्याशी.