रिपीटरला एसएमपीएस लावणारा रेडिओवाला नव्हे म्हणे!

टेकडीवरचा:
काल इथेच एकाने ठोकून दिलं, "रिपीटरला एसएमपीएस लावतो तो रेडिओवाला नव्हे, मोबाइल चार्जरवाला." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: रिपीटर म्हणजे टेकडीवर बसून दुबळा सिग्नल ऐकून तो जोरात पुन्हा सोडणारा हौशी रेडिओचा संच; त्याला वीज देणारा सप्लाय दोन जातींचा, जड ट्रान्सफॉर्मरचा लिनियर किंवा वेगाने चालू-बंद होणारा हलका एसएमपीएस. लिनियरचं धूड मी स्वतः पाठीवर घेऊन टेकडी चढलोय, नुसता ट्रान्सफॉर्मर दोघांनी आळीपाळीने उचलायचा. आणि वर नेऊन मिळालं काय? ब्रिजनंतर (एसीचं डीसी झाल्यावर) 22 व्होल्ट, आउटपुटला 13.8, लोड 20 अँपिअर, म्हणजे जादा व्होल्ट गिळणाऱ्या पास ट्रान्झिस्टरांवर 160 वॉटच्या वर नुसती उष्णता, शेडची आधीच भट्टी त्यात ही शेगडी. संध्याकाळी 230ची लाइन 170 वर उतरली की रेग्युलेशन सुटायचं आणि सगळ्यांच्या बोलण्यामागे घर्रर्र हम. एसएमपीएस 90 ते 264 व्होल्ट काहीही खातो. चार वर्षं झाली, एका हातात धरून वर नेला होता.

लोखंडप्रेमी:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. चार वर्षांत तुमचा रिसीव्हर किती बहिरा झाला ते कधी मोजलंत? आपल्याला 0.2 मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकायचाय, आणि हा एसएमपीएस शेजारी बसून 100 किलोहर्ट्झच्या आसपास कापाकापी करतो, त्याची पिलावळ (हार्मोनिक्स) पार आपल्या 2 मीटर बँडपर्यंत पोचते, वर गरम-थंड झालं की सरकते. आमच्याकडे दुपारी 3 वाजले की बरोबर रिपीटर ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर येऊन बसायची, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडा तो उघडाच. ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं-बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर) काय करणार बिचारा, तो अँटेनाच्या वाटेवर राखण करतोय आणि चोर डीसीच्या वायरीवरून येतोय.

डेसिबल:
दोघंही नुसते बोलताय. सिग्नल जनरेटरचा बारीक सिग्नल टी जोडणीतून सोडा, ट्रान्समीटर अँटेनाऐवजी डमी लोडवर, सिनॅड (आवाज किती स्वच्छ येतो त्याचा आकडा) 12 डीबीवर आणा. मग सप्लाय प्लगमधून काढून बॅटरीवर चालवा. आकडा सुधारला तर सप्लाय चोर, नाहीतर साव. माझ्याकडे 3 डीबीचा फरक होता. डीसीची जोडी खरखर अडवणाऱ्या 43 मिक्सच्या फेराइट कड्यातून तीन वेढे, एसीला लाइन फिल्टर, सप्लाय वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, संपला विषय.
@लोखंडप्रेमी, लिनियर लावल्यावर 3 वाजताचा पाहुणा गेला का?

लोखंडप्रेमी:
कमी झाला.

डेसिबल:
"कमी झाला" 😄

जुना_खटका:
सप्लाय कुठलाही लावा हो, तो माणसांमुळे मरतो. एफएम आहे, तुम्ही गप्प बसून बटण दाबून ठेवलंत तरी पॉवर पूर्ण. टाइम-आउट (सलग बोलण्याची मर्यादा) 3 मिनिटांचा ठेवला तर आमचे वक्ते 2 मिनिटं 50 सेकंदांनी श्वास घेतात आणि पुन्हा सुरू, गुडघेदुखीपासून नातवापर्यंत. आणि सप्लाय आणणारेही असे की पुढे 35 अँपिअर वाचून आणतात, खाली बारीक अक्षरात कंटिन्युअस 25 लिहिलंय ते कोण वाचणार. कूलिंग फॅन धुळीने जाम झाल्याचं कळतं तेव्हा रिपीटर बंद पडलेला असतो, आणि वर जायच्या वेळी सगळ्यांना घरी लग्नं निघतात.

लोखंडप्रेमी:
म्हणूनच लिनियर. एक 723 रेग्युलेटर आयसी, चार 2एन3055 ट्रान्झिस्टर, भर पावसात टॉर्च तोंडात धरून बदललेत मी. वीज पडली की तुमच्या एसएमपीएसचा मॉसफेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) जातो आणि मग अख्खा डबाच फेकायचा.

टेकडीवरचा:
आणि तो 3055 शॉर्ट झाला की 22 व्होल्ट सरळ रेडिओत, ते नाही सांगितलंत.

लोखंडप्रेमी:
क्रोबार कशाला असतो मग? व्होल्टेज चढलं की आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवतो तो.

शांत_वाहक:
क्रोबारचं नाव काढू नका. माझा उडाला तेव्हा बॅटरी थेट आउटपुटवर होती. क्रोबारच्या एससीआरने इमानेइतबारे आउटपुट शॉर्ट केलं, सप्लायचा फ्यूज गेला, पण बॅटरी पलीकडून त्याच एससीआरमध्ये ओततच राहिली. दार उघडलं तर लाल आणि काळी वायर वितळून एक झालेली, टर्मिनलचं शिसं ओघळून खाली गोळा. वास आठवडाभर गेला नाही.

लोखंडप्रेमी:
बॅटरीच्या वायरीत फ्यूज नाही? शाळकरी चूक आहे ही.

शांत_वाहक:
शाळकरी? रिपीटर माझ्या पैशाने चालतो साहेब, तुम्ही फक्त त्यावरून हवामान विचारता. फ्यूज आता आहे. बॅटरी उलटी सप्लायकडे ओतू नये म्हणून डायोडही आहे.

डेसिबल:
डायोड टाकलात तर शॉटकी जातीचा असला तरी त्यावर अर्धा व्होल्ट जातो, बॅटरीला 13.3. लेड अॅसिड कायम अर्धपोटी, सल्फेशन (प्लेटांवर क्षार साचणं) ठरलेलं.

शांत_वाहक:
सप्लाय 14.3 वर नेलाय, एवढं कळतं मला.

लोखंडप्रेमी:
मग क्रोबार 15 ला बसलेला, ट्रान्समिट सुटल्यावर जरा उसळी आली की पुन्हा धडाम.

जुना_खटका:
लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घाला आणि मिटवा.

डेसिबल:
त्याला भरायला 14.2 ते 14.6 लागतात आणि गोठणबिंदूखाली चार्ज करायचा नाही. टेकडीवर. थंडीत. घाला.

टेकडीवरचा:
धागा सप्लायचा होता...

शांत_वाहक:
बॅटरीशिवाय रिपीटर म्हणजे पंखा, लाइट गेली की बंद. तेव्हा विषय बॅटरीचाच आहे.

लोखंडप्रेमी:
(चार दिवसांनी) रविवारी वर जाऊन आलो. डेसिबलने डिवचलं म्हणून, बाकी काही नाही. 3 पर्यंत थांबलो, पाहुणा वेळेवर हजर. लिनियर बंद केला, बॅटरीवर चालवला, तरी तसाच. मग शेडमधली एकेक वस्तू उपटत गेलो. सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा अडाप्टर काढला आणि स्क्वेल्च खटकन बंद. तेव्हा लक्षात घ्या, दोषी एसएमपीएसच निघाला. मी बरोबर होतो.

टेकडीवरचा:
वा! म्हणजे ते 20 किलो लोखंड उगाच वर नेलंत. आता "मोबाइल चार्जरवाला" मागे घ्या.

लोखंडप्रेमी:
घेतला. कॅमेरा चार्जरवाला.