सोसायटीत फायबर टाकायचंय: पॅसिव्ह जीपॉन घ्यावं की प्रत्येक घराला वेगळा अ‍ॅक्टिव्ह पोर्ट?

सिंहगडरोडकर
आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये, 3 विंग, प्रत्येकी 28 फ्लॅट. आता डक्टमधून कुठल्या केबल जाणार ते ठरवायचंय, रविवारी मीटिंग आहे. दोन प्रस्ताव आलेत. पहिला जीपॉनचा, म्हणजे ऑपरेटरच्या ओएलटीकडून (त्याच्याकडचं मुख्य यंत्र) एक फायबर विंगमध्ये येणार, वरच्या मजल्यांवर डक्टमध्ये छोटे छोटे स्प्लिटर लावून एकाचे 32 फाटे करणार. त्या स्प्लिटरला वीज लागत नाही, प्रकाशच वाटला जातो, म्हणून पॅसिव्ह. दुसऱ्यात विंगच्या मीटर रूममध्ये फायबरचे स्विच (एका लाईनचे अनेक पोर्ट करणारं, विजेवर चालणारं यंत्र) बसणार आणि प्रत्येक फ्लॅटला स्वतःचं फायबर, स्वतःचा पोर्ट.

माझं मत पॅसिव्हच. जुन्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर लिफ्ट रूमशेजारी पत्र्याच्या पेटीत स्विच होता, वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन-तीन पोर्ट गेलेच म्हणून समजा. लाईट गेली की घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू, पण पेटीतली बॅटरी वीस मिनिटांत बसायची. 2020 साली मुलीचा पेपर ऑनलाइन चालू होता आणि मी टॉर्च घेऊन गच्चीवर, पेटीला कुलूप, किल्ली ऑपरेटरच्या पोऱ्याकडे. ते दिवस परत नको आहेत मला. मधे वीज लागणारी वस्तूच नसेल तर बिघडणार काय?

बीविंग६०४
काका, ते पोर्ट जळायचे ते तांब्याच्या लॅन केबलमुळे, गच्चीवरून एका बिल्डिंगवरून दुसरीवर टाकलेली असायची ना. फायबर काच आहे, त्यातून करंट येत नाही. जुन्या लॅनचा राग अ‍ॅक्टिव्ह फायबरवर काढू नका.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, रोज रात्री 60-70 जीबी वर चढवायचे असतात. जीपॉनमध्ये डाउनलोडला 2.5 गिगाबिट आणि अपलोडला 1.25, तेही एका फायबरवरच्या सगळ्यांत मिळून. 32 घरं एकदम अपलोडला बसली तर वाट्याला 39 एमबीपीएस. आणि अपलोडला प्रत्येक ओएनटीने (घरातली फायबरची डबी) आपापली पाळी आली की बोलायचं असतं, एखादा बिघडून सतत लेझर मारत बसला की सगळे गप्प. मी भाड्याने राहायचो तिथे हे झालंय, पूर्ण विंग दीड दिवस बंद, तंत्रज्ञ एकेका घराची बेल वाजवून वायर काढून बघत होता. स्विच असता तर तो एक पोर्ट बंद केला की संपलं.

सिंहगडरोडकर
तांब्याचं मान्य, तो मुद्दा मी सोडतो. पण वाटून घेणं स्विचमध्ये नाही असं कुठेय? 28 घरांना एकेक गिगाबिटचा पोर्ट दिला आणि स्विचमधून बाहेर जाणारी लाईन एकच गिगाबिट असली तर वाट्याला 36 एमबीपीएस येतात, तुमच्या जीपॉनपेक्षा कमी. प्रस्तावात त्या लाईनबद्दल एक अक्षर नाही, मी दोनदा वाचलाय. शिवाय वीज. स्विचच्या लेबलवर 40 वॉट लिहिलंय आणि विंगला दोन लागणार, म्हणजे तिन्ही विंगचे मिळून रोज जवळजवळ 6 युनिट, तेही कॉमन मीटरवर. बॅटऱ्या बदलायच्या कोणी हे ऑपरेटर लिहून देत नाहीये.

स्प्लाइसवाला
हे काम करतो म्हणून बोलतो. घराघरात पॅसिव्हच टिकाऊ पडतं असा माझा अनुभव, पण "बिघडणार काय" म्हणू नका. 1:32 च्या स्प्लिटरमध्ये 17 डीबीच्या (प्रकाश किती घटतो त्याचं माप) आसपास सिग्नल खर्च होतो, एकूण पुंजी असते साधारण 28 ची, उरलेल्यात जॉइंट, कनेक्टर आणि अंतर बसवायचं. गेल्या महिन्यात एका घरी ओएनटीवर लाल दिवा लुकलुकत होता, पॉवर मीटर लावला तर उणे 29, म्हणजे प्रकाश फारच कमी. कनेक्टर पुसला, परत मोजलं, उणे 21, दिवा हिरवा. रंगकाम करणाऱ्याने वायर भिंतीवरून काढून परत लावली होती, तेव्हा धूळ बसली. एवढ्याशा धुळीने घर बंद पडतं.

आणि स्प्लिटर वरच्या मजल्यांवर डक्टमध्ये लपवू नका. आठव्या मजल्यावर पीओपीच्या मागे गेलेला स्प्लिटर मी छिन्नीने शोधून काढलाय.

झुरिचहून
मी मूळची नाशिकची, इथे दहा वर्षं आहे. तुमचा वाद इथे कोर्टापर्यंत गेलाय म्हणून लिहिते. स्विसकॉम या इथल्या मोठ्या टेलिफोन कंपनीने 2020 मध्ये ठरवलं की आता प्रत्येक घराला एक्सचेंजपर्यंत वेगळं फायबर द्यायचं नाही, वाटेत स्प्लिटर घालायचे. इनिट7 नावाच्या छोट्या कंपनीने तक्रार केली, कारण मग दुसऱ्या कंपनीला त्या घराचं नुसतं फायबर भाड्याने घेऊन स्वतःचं यंत्र लावता येत नाही. स्पर्धा आयोगाने त्याच डिसेंबरमध्ये ते काम रोखलं, 2022 मध्ये स्विसकॉम परत वेगळ्या फायबरकडे वळली, आणि 2024 मध्ये 1 कोटी 80 लाख फ्रँकचा दंड झाला. त्याच वेगळ्या फायबरवर इनिट7 2021 पासून घरगुती ग्राहकांना 25 गिगाबिट देते. जमिनीतली काच तीच, फक्त टोकाची यंत्रं बदलली.

म्हणून मला वाटतं तुम्ही दोघं यंत्रावरून भांडताय, पण पुढची तीस वर्षं भिंतीत राहणार ती काच. खरा प्रश्न स्प्लिटर कुठे बसतो हा आहे.

बीविंग६०४
हे पटलं. प्रत्येक फ्लॅटचं फायबर सलग खाली मीटर रूमपर्यंत आणलं आणि स्प्लिटर तिथेच रॅकमध्ये ठेवला तर मला हवं तेव्हा माझं एकट्याचं फायबर स्प्लिटरमधून काढून स्विचवर लावता येईल, बाकीच्यांना धक्का नाही. पण ऑपरेटरला हे नकोच असणार, कारण मग उद्या दुसराही येऊन त्याच फायबरवर कनेक्शन देऊ शकतो.

सिंहगडरोडकर
ऑपरेटरला नको म्हणून आपण का सोडायचं, डक्ट सोसायटीचा आहे. पण खर्च? आणि सुरुवातीला स्प्लिटरच लावायचा यावर मी ठाम आहे, घरात सत्तरीच्या पुढची माणसं आहेत, लाईट गेल्यावर फोन चालू राहिला पाहिजे.

स्प्लाइसवाला
काच स्वस्त असते हो, मजुरी महाग. भिंत उघडी आहे तोवर घरटी दोन फायबर ओढून घ्या, एक चालू, एक राखीव. 28 गुणिले 2 म्हणजे 56, विंगला 72 कोअरची (72 फायबर असलेली) केबल घेतली की सीसीटीव्ही, लिफ्टचा इंटरकॉम सगळं बसतं. पुढे 10 गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन आलं तरी ते वेगळ्या तरंगलांबीवर याच काचेतून जुन्या जीपॉनसोबत चालतं. मीटर रूममध्ये रॅकसाठी भिंतीवर तीन फूट जागा आणि इन्व्हर्टरचा एक पॉइंट आत्ताच नकाशात टाकून घ्या, नंतर तिथे पाण्याच्या पंपाचा स्टार्टर येऊन बसतो. आणि हँडओव्हरच्या आधी प्रत्येक फ्लॅटचं पॉवर मीटरचं रीडिंग माझ्यासारख्याकडून कागदावर लिहून घ्या.

सिंहगडरोडकर
नकाशा आर्किटेक्टकडे आहे, उद्या सकाळी जातोय. 604, तुम्ही येताय का सोबत? स्विचच्या बाहेरच्या लाईनचा प्रश्न तुम्हीच विचारा त्या ऑपरेटरला, लेखी.

बीविंग६०४
येतो, साडेदहाला.