नवीन भरतीला दहशतवादी हल्ला आणि मोठ्या दुर्घटनांचं प्रशिक्षण: ४० तासिकांत काय बसवावं?

मैदान_उस्ताद
१२० पोलिस प्रशिक्षणार्थींची तुकडी, ४५ मिनिटांच्या ४० तासिका. सध्याचा आराखडा असा: २६ तासिका व्याख्यानं (संघटना, कायदे, स्फोटकांचे प्रकार), १० तासिका गोळीबार आणि खोलीत शिरणं, उरलेल्या ४ मध्ये पाहुण्यांसमोर मॉक ड्रिल. लेखी पेपरात सगळे पास होतात. पण मैदानावर "स्फोट झालाय, तुम्ही दोघंच पोहोचलात, सुरू करा" म्हटलं की दोघंही पहिल्या किंचाळणाऱ्या माणसाकडे धावतात आणि वायरलेस कमरेलाच लटकत राहतो. काय कापू, काय वाढवू?

बिनतारी
सर, दोघांपैकी एकाने जखमींना हात लावायचा नाही. हा नियम आधी पक्का करा, बाकीचं नंतर. तो एक जण बघतो आणि बोलतो. त्याला ते जमेपर्यंत बाकी प्रशिक्षणाला अर्थ नाही, कारण पुढची सगळी मदत त्याच्या पहिल्या संदेशावर हलते. २०१७ च्या मँचेस्टर अरिना स्फोटात २२ लोक गेले आणि अग्निशमन दल आत पोहोचायला दोन तासांहून जास्त लागले. चौकशीत मुख्य ठपका आला तो यंत्रणांनी एकमेकांना माहिती न दिल्याचा.

संदेशात सात गोष्टी, याच क्रमाने: मोठी दुर्घटना असल्याची घोषणा, नेमकी जागा, प्रकार, धोके, यायची वाट, जखमी किती, कोणती पथकं आहेत आणि कोणती हवीत. ब्रिटनमध्ये याची इंग्रजी आद्याक्षरं 'मेथेन' अशी जुळतात. आपल्याला ती पाठ करून उपयोग नाही, खिशात सात शब्दांचं कार्ड ठेवा. चांगला संदेश असा वाटतो:

"मोठी दुर्घटना जाहीर. बसस्थानक, पूर्व फाटक, तिकीट खिडकीसमोर. स्फोट, एकच आवाज. खांब तीनजवळ बेवारस बॅग, छताचे पत्रे लोंबतायत. उत्तर फाटकाने या, दक्षिणेचा रस्ता बंद. जखमी अंदाजे वीस, सात-आठ हलत नाहीत. आम्ही दोघं आहोत. अग्निशमन, रुग्णवाहिका, बॉम्बशोधक पथक पाठवा."

अर्ध्या मिनिटाचं काम. "खूप लोक जखमी आहेत, लवकर पाठवा" असं आलं की नापास. आकडा चुकला तरी चालेल, आकडा हवाच. आणखी एक क्षुल्लक वाटणारी चूक: बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द कापला जातो, आणि तो शब्द नेमका जागेचा असतो. दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. माइकवर ओरडू नका, आवाज फाटतो.

सराव शांत वर्गात घेऊ नका. आधी शंभर मीटर पळवा, स्पीकरवर किंकाळ्या लावा, बाजूला एक जण "साहेब, माझा मुलगा आत आहे" म्हणत हात ओढेल असा उभा करा. मग बोलायला लावा. प्रत्येकाला किमान सहा वेळा.

पट्टी_आणि_गाठ
बोलणाऱ्याचं झालं, आता दुसऱ्याचं. त्याने मोठ्याने म्हणायचं, "ज्यांना चालता येतंय ते माझ्या आवाजाकडे या." चालणारे हिरव्या, म्हणजे किरकोळ जखमींच्या, गटात गेले की मैदान निम्मं मोकळं होतं. मग गप्प पडलेल्यांकडे आधी बघायचं, ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे कळलेलंच असतं.

उरलेल्यांना झटपट वर्गवारीची 'स्टार्ट' पद्धत लावा, प्रत्येकाला रंगाचं कार्ड: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकणारा, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. श्वास नाही, तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करा. तरीही नाही, तर काळा. मार्ग मोकळा केल्यावर श्वास आला, तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. मनगटाची नाडी लागत नाही, लाल. साधी सूचना पाळत नाही, लाल. यातलं काही नसेल तर पिवळा. एका माणसाला एक मिनिटही द्यायचं नाही. यात फक्त दोन उपचार बसतात: श्वासमार्ग मोकळा करणं आणि भळाभळा रक्त थांबवणं. प्रशिक्षणार्थी हमखास चुकतात ते काळ्या कार्डावर. हात सुटत नाही, आणि तेवढ्यात शेजारचा लाल माणूस जातो.

हातापायाच्या रक्तस्रावाला टूर्निकेट, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा पट्टा. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटर, सांध्यावर नाही, खाली किल्ल्या किंवा फोन राहिलेला नाही ना हे बघून. बहुतेकांचं फसतं ते दांडी फिरवण्यात नाही, पट्ट्यात. आधी पट्टाच इतका ओढा की खाली बोटं शिरू नयेत, मगच दांडी. ढिला पट्टा दांडीने कितीही पिळला तरी रक्त वाहतंच. रक्त थांबेपर्यंत पिळा, दांडी अडकवा, वेळ लिहा. नंतर "जरा सैल करून बघू" अजिबात नाही. दुखणारच, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर जखमी ओरडला की हा दांडी सोडतो. मान, काख, जांघ इथे पट्टा बसत नाही. तिथे जखमेत तळापर्यंत गॉझ ठासून भरा आणि दोन्ही हातांनी दाबून धरा. साधा गॉझ असेल तर दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही.

सरावाचे टूर्निकेट वेगळ्या रंगाचे ठेवा. शंभरदा पिळलेला पट्टा ड्यूटीच्या पाउचमध्ये गेला तर ऐनवेळी दांडी मोडते.

घेरा_४००
दोन्ही उत्तरं योग्य, पण घेऱ्याला, म्हणजे लोकांना लांब ठेवायच्या हद्दीला, विसरू नका. बेवारस बॅगेला १०० मीटर, कारला २००, मोठ्या वाहनाला ४००, हे आकडे ब्रिटिश पोलिस पाठ करून घेतात, आपणही घ्या. बॅगेपासून १५ मीटरच्या आत हँडसेट वापरायचा नाही. घेरा जिथे धरणार ती जागाही आधी तपासा. २००२ मध्ये बालीत पहिला स्फोट बारमध्ये झाला, लोक बाहेर धावले आणि काही सेकंदांतच रस्त्यावर व्हॅनमधला त्याहून कितीतरी मोठा स्फोट झाला.

विखुरलेलं सामान गोळा करून ठाण्यात नेणं ही दुसरी सवय मोडा. २००४ च्या माद्रिद हल्ल्यात न फुटलेला एक बॉम्ब प्रवाशांच्या सामानाबरोबर पोलिस ठाण्यापर्यंत पोहोचला होता.

रासायनिक संशयासाठी एकच ओळ: कारण दिसत नसताना एक जण कोसळला, नेहमीप्रमाणे जा, दोघं कोसळले, सावध, तीन किंवा जास्त, आत जायचं नाही. लांबून हाका मारून लोकांना वाऱ्याच्या उलट्या दिशेने बाहेर काढा, वरचे कपडे उतरवायला सांगा. १९९५ मध्ये टोकियो मेट्रोत सरीन या विषारी रसायनाच्या पिशव्या उचलायला गेलेले स्थानकावरचे दोन कर्मचारी मरण पावले.

शिकाऊ_निर्देशक
आणि गोळीबार सुरू असेल तर? नवख्याने घेरा धरून विशेष पथकाची वाट बघायची का?

घेरा_४००
गोळ्यांचा आवाज चालू असेल, हातात शस्त्र असेल, तर आवाजाकडे जायचं. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हल्ल्यानंतर अमेरिकेत पोलिसांनी ही पद्धत बदलली, कारण बाहेर घेरा धरून थांबले तेवढ्या वेळात आत एक शिक्षक रक्तस्रावाने गेला. आवाज थांबला असेल, हल्लेखोर कुठेतरी कोंडला असेल, तर घेरा आणि वाट. हाच फरक शिकवायचा. आणि हातात फक्त काठी असेल तर लोकांना आडोशाने बाहेर काढणं आणि हल्लेखोर कुठे, किती, कोणत्या शस्त्रासह हे कळवत राहणं, एवढंच. बाहेर पळत येणाऱ्यांचे हात आधी बघायचे. साध्या वेशातल्या सहकाऱ्यावर गोळी सुटते ती याच गडबडीत.

बिनतारी
वाटणी माझ्या मते अशी: व्याख्यानं ६, संदेश ८, रक्तस्राव ८, वर्गवारी ४, घेरा-बॅग-रसायन ६, शस्त्राचा निर्णय ४, एकत्र सराव ४. नेमबाजी मूळ अभ्यासक्रमात असतेच. पाहुण्यांसमोरचं ड्रिल रद्दच करा सर, पाठ केलेल्या नाटकात कोणी चुकत नाही आणि म्हणून कोणी शिकतही नाही.

मैदान_उस्ताद
पाहुणे टाळता येतील असं दिसत नाही. पण त्यांना दुसऱ्या फेरीला बोलावतो, पहिली आमची. खऱ्या शस्त्रांचं काय करता?

पट्टी_आणि_गाठ
सरावाच्या हद्दीत एकही नाही. मैदानात शिरताना दोन निर्देशकांनी वेगवेगळी झडती घ्यायची, उस्तादांचीसुद्धा. वायरलेसवर प्रत्येक संदेशाआधी "सराव, सराव". आणि खरोखर कोणी जखमी झालं तर थांबवायला असा शब्द ठरवा जो नाटकात कोणी ओरडणार नाही. "थांबा" आणि "वाचवा" बाद, ते तर सगळेच ओरडत असतात.