मदत हवी आहे : जहाज निघाले ते ६ सप्टेंबरला की १६ला?

वाचनवेल्हाळ : मुलांच्या मासिकासाठीचा लेख उद्या सकाळी संपादकांकडे पोहोचायला हवा आणि मी एका तारखेपाशी अडकले आहे. धर्मस्वातंत्र्यासाठी निघालेल्या त्या जहाजाने इंग्लंडचा किनारा ६ सप्टेंबरला सोडला असे एका पुस्तकात आहे, तर दुसऱ्यात १६ सप्टेंबर दिले आहे. खरी तारीख कोणती, एवढेच कृपया लवकर सांगावे.

दर्यावर्दी : जहाज कोणते, ते सांगाल का? कॅथलिक लॉर्ड बाल्टिमोर यांच्या अमेरिकेतील मेरीलँड वसाहतीकडे १६३३ मध्ये निघालेली ‘आर्क’ आणि ‘डव्ह’, तसेच १६८२ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम पेन यांना अमेरिकेत नेणारे ‘वेलकम’ ही जहाजेही या वर्णनात बसतात.

वाचनवेल्हाळ : अर्थातच ‘मेफ्लॉवर’, १६२०.

कालगणक : मग दोन्ही तारखा बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि त्या काळी ती आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे होती. मात्र ६ सप्टेंबर लिहिलेत तर अमेरिकेतील केप कॉडचा किनारा दिसल्याची तारीख ९ नोव्हेंबरच द्या; तिथे १९ लिहिलेत तर प्रवास उगाच दहा दिवसांनी लांबेल.

कालवाकाठ : माझ्या मते तारखेआधी कारण तपासावे. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाची ही मंडळी १६०९ पासून हॉलंडमधील लायडन शहरात राहत होती आणि तिथे त्यांच्या उपासनेला आडकाठी नव्हती. कापडधंद्यातले कष्ट पेलवेनात, मुले डच वळणावर जाऊ लागली आणि स्पेनशी झालेला बारा वर्षांचा तह १६२१ मध्ये संपणार होता, म्हणून ती निघाली.

दर्यावर्दी : हे अर्धेच चित्र झाले. लायडनमध्येसुद्धा त्यांच्यातल्याच विल्यम ब्रूस्टर यांच्या छापखान्यामागे इंग्रज राजदूताने ससेमिरा लावला होता. सोबतचे ‘स्पीडवेल’ गळू लागल्याने दोनदा माघारी फिरावे लागले, पुढे भर समुद्रात ‘मेफ्लॉवर’ची मुख्य तुळई तडकली, तेव्हा एका मोठ्या लोखंडी स्क्रूने ती वर उचलून तिला खांबाचा टेकू दिला गेला, आणि तरीही जे पुढेच गेले, ते केवळ पोटासाठी निघाले होते असे मला मुळीच पटत नाही.

कालवाकाठ : त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. परंतु लंडनच्या व्यापाऱ्यांनी भांडवल घातले नसते, तर जहाज बंदरातून हललेच नसते, आणि १०२ प्रवाशांपैकी जेमतेम निम्मे या पंथाचे होते. त्यांच्या वसाहतीशेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने तर १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फाशी दिले, हेही मुलांना कळायला हवे.

मांडवीतीर : आपल्याकडचे उदाहरण का घेत नाही? धर्मांतरित ज्यू घराण्यातले वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये समुद्रमार्गे गोव्यात आले. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय, तिथेही पोहोचले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

वाचनवेल्हाळ : गोव्यावर स्वतंत्र लेख व्हावा; या लेखात तेवढी जागा नाही. तारखा ज्युलियनच ठेवते. पण उरलेले निम्मे प्रवासी कोण होते?

कालगणक : व्यापाऱ्यांनी जमवलेली कुटुंबे, कारागीर आणि नोकर. परवाना होता व्हर्जिनियाच्या हद्दीतला आणि जहाज लागले त्याच्या बरेच उत्तरेला, त्यामुळे आपल्यावर आता कोणाची सत्ता चालणार नाही, असे त्यांच्यातले काही बोलू लागले. म्हणूनच ११ नोव्हेंबरला जहाजावरच ४१ पुरुषांनी एकत्र राहून समान नियम पाळण्याच्या करारावर सह्या केल्या. लेखात हे अवश्य घ्या.