काळ्या मातीतली कॉटेज बाग

इंदिरानगरच्या बंगल्यापुढच्या पट्ट्यात कॉटेज बाग, म्हणजे इंग्लंडमधल्या खेड्यातल्या घरापुढे असते तशी फुलांची दाट बाग करून, लॅव्हेंडर आणि डेल्फिनियम (उंच, बहुधा निळ्या तुऱ्यांचं फूलझाड) लावायचं म्हणताय, तर लॅव्हेंडर कुंडीतच ठेवा, पावसाची झड लागणार नाही अशा जागी. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि त्याची मुळं कुजतात. बाकीच्यांसाठीही वाफा वीतभर उंच करा, शेणखत आणि थोडा मुरूम मिसळून.

डेल्फिनियमऐवजी लार्कस्पर घ्या. दिसायला जवळपास तसंच, आणि आपली थंडी त्याला मानवते. बी ऑक्टोबरअखेर थेट वाफ्यात टाका. उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. मागे भिंतीलगत हॉलिहॉक, मध्ये लार्कस्पर नि शेवंती, कडेला फ्लॉक्स. रांगा मात्र नकोत! बी वाळूत मिसळून फेकलं की झाडं एकमेकांत घुसतात, आणि कॉटेज बागेची खरी मजा त्या दाटीतच आहे.

पावसाळ्यात तीच जागा तेरड्याला आणि कॉसमॉसला द्या. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं, साल गुंडाळते, बी चौफेर उडतं. पुढच्या पावसात रोपं आपली आपण उगवतात. मला तर तो विलायती फुलांपेक्षा जास्त आवडतो. फाटकावर जाई चढवाच.